गरम नळी, गार नळी

६ नोव्हेंबर

ताईस तिच्या एकुलत्या एक डोकेदुखीचा नमस्कार.

फोन केला असता, पण तुझा फोन म्हणजे मी बोलायचं आणि मागचा हातोडा ऐकायचा. वर तू मध्येच "बरं, ठेव" म्हणतेस. कागद वाचावाच लागतो, म्हणून कागद.

काम असं आहे. इथल्या रेसट्रॅकवर मार्चमध्ये एक शिकवणारा ड्रायव्हर नेमणार आहेत. जागा एकच. पुन्हा कधी निघेल देव जाणे, आणि तोवर माझा उजवा पायही डाव्याच्या रांगेत जाऊन बसेल. परीक्षा सरळ आहे. गाडी आपली स्वतःची, शेजारी परीक्षक, अर्धा तास न थांबता वेगात चालवायची. चालवायला मी कोणाच्या बापाला घाबरत नाही. घाबरतो तो गिअरबॉक्सला. लहानपणापासून डाव्या पायात जोर नाही, क्लच दाबता येत नाही, म्हणून माझी गाडी ऑटोमॅटिक. तुला हे सांगायला नको, पण ट्रॅकवरच्या लोकांना रोज सांगावं लागतं.

चार-पाच फेऱ्या झकास जातात. मग गिअर बदलायला उशीर व्हायला लागतो, इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही, जळका वास सुटतो. मागच्या रविवारी मला ढकलत ट्रॅकबाहेर काढलं. ढकलणाऱ्यांतला एक म्हणाला, "काका, ही गाडी भाजी आणायला बरी." मीही हसलो. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

विमा कचेरीच्या खिडकीमागे बसून बसून मी कंटाळलो गं. दिवसभर लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि शिक्के मारायचे. मला या खिडकीतून बाहेर पडायचंय आणि दार एवढं एकच दिसतंय. गिअरबॉक्स गार कसा ठेवायचा ते सांग. बाबांच्या मागे ते कळणारी तू एकटीच आहेस.

तुझा,
भिंगरी


१७ नोव्हेंबर

भिंगरी,

गिअरबॉक्स जळला की बहीण आठवते. चालू दे.

आधी काय होतंय ते समजून घे. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलाचा भोवरा असतो. इंजिन तेल घुसळतं आणि ते तेल गिअरबॉक्सला फिरवतं. रस्त्यावर याचा काही त्रास नाही. ट्रॅकवर तू सारखा पाय दाबतोस, सोडतोस, परत दाबतोस, म्हणजे घुसळणं काही थांबत नाही आणि तेल तापत जातं. कंपनीने दिलेला कूलर असतो रेडिएटरच्या पोटात, तापलेल्या पाण्यात. ताप आलेल्या माणसाला कढत पाण्याने अंघोळ घालायची, त्यातला प्रकार. तेल फार तापलं की काळं पडतं, आतल्या चकत्यांची पकड सुटते. मग तू कितीही शिव्या घाल, गाडी हलणार नाही.

समोरच्या जाळीमागे वेगळा ऑइल कूलर लावू, वारा थेट लागेल असा. तेल नवीन. आणि तुझ्यासमोर एक काटा, आतलं तेल किती तापलंय ते दाखवणारा. काटा चढला की एखादी फेरी सावकाश मारायची, उतरला की परत पळवायची. त्याचा सेन्सर मात्र गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या गरम नळीवरच हवा. कूलरमधून परत येणाऱ्या गार नळीवर बसला तर काटा गोड गोड बोलत राहतो आणि आत सगळं भाजून निघतं.

बाबांनी आपल्याला पहिलं हेच शिकवलं होतं. इंजिन सुरू करायचं, दोन नळ्या दोन मुठींत धरायच्या, आधी चटका देईल ती गरम. तू दर वेळी बोंबलून सोडून द्यायचास. मी धरून ठेवायचे. तरी गॅरेजच्या पाटीवर बाबांच्या नावापुढे 'आणि चिरंजीव' आहे. ती पाटी चढवली तेव्हा चिरंजीव अंगणात भिंगरीसारखे गोल गोल पळत होते आणि मी गाडीखाली आडवी होते. अजून गिऱ्हाईक विचारतं, चिरंजीव कुठे असतात? मी सांगते, शिक्के मारायला गेलेत.

गाडी घेऊन ये. तुझं काम मी दुसऱ्या कोणाला करू देणार नाही. अक्षर लागेल तेवढं वाच, थंडीने बोटं आखडलीत, पेन सारखं सुटतंय.

ताई


१२ जानेवारी

ताई, तुझ्या पायाचा फोटो पाठव, पाया पडायचंय!

तेलाचा काटा नव्वदच्या पुढे जात नाही. मी पळवली, पिळली, ब्रेकवर नाचवली, काटा आपला नव्वदला बसून आहे, पेन्शनर बसतो तसा. सरावाला एका वेळी दहा मिनिटं मिळतात, ती सगळी पूर्ण वेगात मारली. 'भाजी आणायला बरी' म्हणणारा आला आणि जाळीत वाकून कूलर बघत बसला. कोणी बसवला विचारलं. बहिणीने म्हटलं तर त्याला थट्टा वाटली.

तुझ्याकडचे ते दोन दिवस फार दिवसांनी चांगले गेले. फक्त तू जरा माणसात ये. चहाचं उकळतं पातेलं चुलीवरून नुसत्या हाताने उचललंस. भावोजी "अगं अगं" करत फडकं घेऊन धावले, तर तू त्यांनाच झापलंस. हात आहेत की पक्कड? आणि मी मदतीला येतो म्हटलं तर "बाहेर स्टुलावर बस." बसलो बापडा. तू गाडीखाली नळ्या धरून इतका वेळ पडून होतीस की मी विचारलं, "झोप लागली का?" त्यावर पाना फेकून मारलास. नेम चुकला हां. वय झालं तुझं.

मार्चमध्ये नोकरी लागली की पहिल्या पगारातून तुला पाटी नवीन रंगवून देतो. काय लिहायचं ते तू सांग.

भिंगरी


२४ जानेवारी

भिंगरी,

पाया पडू नकोस, वाकलास की उठवायला दोन माणसं लागतात.

नव्वद म्हणालास. एवढ्या वेगात? मला शंभराच्या बऱ्यापैकी पुढे जाईल असं वाटलं होतं. कूलर मोठा घेतलाय, त्यात थंडीचे दिवस, म्हणून असेल. मी बसवलंय म्हणजे बरोबरच असणार.

तरी आता सांगते ते ऐक. गिअर गाडीवर सोडू नकोस, वळणाआधी हाताने खालचा टाक. गाडीला ठरवू दिलंस की ती वरखाली करत बसते आणि त्यात तेल तापतं. सराव संपला की शेवटची फेरी सावकाश मार. थांबल्यावर लगेच इंजिन बंद करू नकोस, न्यूट्रलला टाकून चालू ठेव. इंजिन बंद म्हणजे आतला पंप बंद, तेल आहे तिथे उभं राहून शिजत बसतं. आणि नुसत्या काट्यावर विसंबू नकोस. अधूनमधून तेल मोजायची पट्टी बाहेर काढ आणि वास घे. करपल्यासारखा आला तर मला कळव.

पाटीचं काय लिहायचं ते बाबांना विचारायला हवं होतं. आता तो विषय काढू नकोस.

ताई


१९ मार्च

ताई,

परीक्षा परवा झाली. नोकरी 'भाजी आणायला बरी' म्हणणाऱ्याला मिळाली.

पहिली वीस मिनिटं मी आयुष्यात चालवली नव्हती तशी गाडी चालवली. परीक्षक सुरुवातीला दाराची कड धरून बसला होता, नंतर त्याने हात मांडीवर ठेवले. त्याने आधीच सांगितलं होतं की यंत्र सांभाळून चालवणं हाही परीक्षेचाच भाग, गरज वाटली तर एखादी फेरी सैल सोडा, गुण जाणार नाहीत. मी काट्याकडे बघत होतो. उन्हाचे दिवस, तरी काटा नव्वदच्या आसपास. मग कशाला सैल सोडू? लांब वळणातून बाहेर पडताना धप्प आवाज आला. मागे धूर. गाडी उताराने आपोआप गडगडत जाऊन थांबली. परीक्षक उतरला, रुमाल नाकाला लावला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला "बरं वाटलं भेटून" म्हणाला. काटा तेव्हासुद्धा नव्वदवर होता.

मला राहवेना. काल तिथल्या शेडमध्ये गाडी उचलून घेतली. आतला पंप अजून शाबूत होता. इंजिन सुरू केलं आणि बाबांसारख्या दोन्ही नळ्या मुठींत धरल्या. एकीने चटका दिला, मी बोंबलून सोडली. तळहाताला फोड आलाय. त्या नळीवर काही नव्हतं. सेन्सर दुसरीवर होता, गार नळीवर.

तू मला वास घे म्हणाली होतीस, मी घेतला नाही, तो दोष माझा. पण बाकीचं मी रात्रभर उलटसुलट करून बघितलं. दुसऱ्या कोणी बसवला असता तर म्हटलं असतं, चुकला बिचारा. तुझ्या हातून चूक होत नाही. बाबांच्या हातून झालेल्या तू काढायचीस. आणि ज्या एका गोष्टीबद्दल तू मला दोन परिच्छेद लिहिलेस, तीच नेमकी चुकली?

मला बाहेर स्टुलावर का बसवलंस, ते आता कळलं. पाटीचा राग इतका असेल असं मला वाटलं नव्हतं. उत्तर एका शब्दात दे. मुद्दाम केलंस?

चिरंजीव


२ एप्रिल

हो. मुद्दाम केलं.

तुला एक शब्द पुरणार नाही, म्हणून आणखी लिहिते. मी शाळा सोडून त्या गाड्यांखाली गेले. बाबांचा खोकला, बाबांची गिऱ्हाइकं, बाबांचं दुखणं, सगळं मी केलं. तू सुट्टीत यायचास, एखादा पाना उचलायचास आणि बाबा शेजाऱ्याला बोलावून दाखवायचे, बघा, रक्तातच आहे. माझ्या रक्तात काय होतं ते कोणी विचारलं नाही. तू रेसट्रॅकवरून हसत हसत पत्र लिहितोस आणि मी परत तुझ्या गाडीखाली. वाटलं, एकदा याचंही काहीतरी अर्ध्यात बंद पडू दे.

पडलं. आता शिक्के मार.

यापुढे लिहू नकोस. गाडी भंगारात घाल, माझ्या दारात आणू नकोस.

ताई


१८ एप्रिल

प्रिय भिंगरी,

मी तुझा भावोजी. मला पत्रं लिहायची सवय नाही, मापं लिहायची आहे. चुकलं तर सांभाळून घे.

तुझं पत्र तिने माझ्या शिलाई मशीनवर आणून टाकलं आणि स्वतः आत जाऊन दार लावलं. मी वाचलं. मग तिने उत्तर लिहिलं आणि पत्ता घालायला माझ्याकडे दिलं, कारण हल्ली पाकिटावरचं अक्षर तिला जमत नाही. मी विचारलं, काय लिहिलंस? तिने सांगितलं. मी म्हणालो, अगं, हे धडधडीत खोटं आहे. तर म्हणाली, "बाई वाईट आहे म्हटलं तरी गिऱ्हाईक येतं. हात गेलाय म्हटलं तर कोण येईल?"

भिंगरी, तिच्या बोटांना काही कळत नाही. दोन वर्षं होत आली. साखरेने नसा गेल्या असं डॉक्टर म्हणतात. मला कळलं ते असं. एकदा माझ्या शर्टाचं बटण लावताना ती गप्पा मारत होती आणि सुई तिच्या बोटात अर्धी रुतली होती. रक्त बटणावर आलं. मी ओरडलो, तेव्हा तिने खाली बघितलं. शिंप्याच्या घरात सुई टोचली तर सगळ्यांना कळतं, तिला कळलं नव्हतं. त्या दिवसापासून ती माझ्याशी या विषयावर बोलत नाही. काम डोळ्यांनी आणि कानांनी करते, जमतंही. पण नळी हातानेच ओळखायची, तिच्या वडिलांची रीत, ती सोडायला तयार नाही.

तू आला होतास तेव्हा ती नळ्या धरून चटक्याची वाट बघत पडली होती. चटका आलाच नाही. आता कळेल, मग कळेल म्हणून थांबली, तोवर दोन्ही तापल्या असणार. मग अंदाजाने एक ठरवली. तू दारात स्टुलावर बसला होतास. "जरा ये, हात लाव" एवढं म्हणायचं होतं. तिला ते म्हणवलं नाही. हे तिने मला रडत सांगितलं आणि मग ते ऐकलं म्हणून माझ्यावरच चिडली.

हे तुला कळवलंय असं तिला कळू देऊ नकोस. तिला कोणाची कीव सहन होत नाही. तुझी तर नाहीच होणार.

तुझा,
भावोजी


३० एप्रिल

भावोजी,

तुमचं पत्र कचेरीत उघडलं. खिडकीवर रांग होती, तरी मागच्या खोलीत जाऊन बसलो. पातेलं उचललं तेव्हा मी हसलो होतो. वय झालं तुझं, असंही लिहिलं होतं.

सोबतचं पाकीट तिला द्या. त्यात मी तिला बरंच बोललोय. खोटं आहे, पण समजूतदारपणा दाखवला तर तिला लगेच वास येईल. वाचून ती तणतणेल. तणतणू दे.

भिंगरी


३० एप्रिल

ताई,

लिहू नकोस म्हणालीस, तरी हे शेवटचं. माझी एवढी एक संधी होती. ती तू जाणूनबुजून, थंड डोक्याने, अगदी अचूक काम करून घालवलीस. तुझ्यासारखा हात नसलेल्या कोणाला असं जमलं नसतं. मी तुला कधीच माफ करणार नाही.

मला तुझ्या दुकानाशी संबंध नको. पाटीवरचं 'आणि चिरंजीव' खरवडून टाक. त्या जागी तुझं नाव घाल, मोठ्या अक्षरांत. लोकांना कळू दे की ते दुकान एकट्या तुझं आहे आणि माझं तिथे कधीच काही नव्हतं.

तुझा कोणी नव्हे,
तो


१४ मे

भिंगरी,

तुला खरं भांडता येत नाही. खरा चिडलास की अक्षर बिघडतं तुझं, रडका होतोस, स्वतःच्या चुका आधी सांगत बसतोस. मार्चचं पत्र तसं होतं. हे पत्र एकही खाडाखोड नसलेलं आलं, आणि त्यात माझ्या हाताची स्तुती. मी ह्यांना विचारलं. त्यांनी दोरा ओवायला घेतला आणि तीनदा हुकले. मला उत्तर मिळालं.

मला वाईट समजला असतास तर चाललं असतं. मी त्याची तयारी केली होती. आता तू मला बिचारी समजणार, ते मी कुठे ठेवू? दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. तुझ्यावरही रागावलेय आणि तो राग जाईल असं वाटत नाही. आणि तो काही खोटा नव्हता सगळा. पाटीबद्दल जे लिहिलं ते मनात होतं म्हणूनच हाताशी आलं. मी ते मुद्दाम केलं नाही, पण मुद्दाम केलं असतं तर आज इतकं लागलं नसतं.

माफी मागत नाही. तुझी नोकरी मी घालवली. हाक मारायला तोंड होतं, तू हाकेवर बसला होतास, आणि मी हाक मारली नाही. हे मला मरेपर्यंत पुरेल, त्यात तू भर घालू नकोस.

पाटीला मी हात लावलेला नाही. शिडीवर चढवत नाही आणि रंगाऱ्याला सांगायचं तर कारण सांगावं लागेल. खरवडायची असेल तर तू येऊन खरवड.

दारात एक गाडी उभी आहे, ऑटोमॅटिक, तुझ्यासारख्याच एका खुळ्याची. त्यालाही ट्रॅकवर पळवायची आहे. कूलर लावून झालाय, काटा लावायचा राहिलाय. चार दिवस झाले, मी त्याला सांगतेय सुटा भाग यायचाय. भाग आलेला आहे, फळीवर पडलाय. इंजिन सुरू करून दोन्ही नळ्या दोनदा धरून बघितल्या.

तू लहानपणी लगेच बोंबलायचास, तेवढंच हवंय. बाकी सगळं मी करते. आलास तर फोडाला लावायचं मलम घेऊन ये. माझ्याकडे आता ते नसतं.

ताई